भोक पाडलेले कॅन

माझ्या दुकानाच्या दारात भोकं पाडलेल्या रिकाम्या कॅनची रास आहे. तिच्यावरून अमडापूरच्या बाजारात माझी टिंगल चालते. चालू द्या. मी कमी बोलणारा माणूस, पण गप्प राहून जे केलं ते आता सांगणार.

माझं कृषी केंद्र आहे. कीटकनाशकाचा पाच लिटरचा पांढरा कॅन रिकामा झाला की आमच्याकडे कोणी फेकत नाही. लेबल सोलायचं, राखेनं घासायचं, वरून ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि पाणी भरून वावरात कडुलिंबाला टांगायचं. पाणी गार राहतं, झाकण पक्कं बसतं. वास गेला की विष गेलं, असं सगळे धरून चालतात. ते खरं नाही हे मला ठाऊक होतं. तरी चांगल्या झाकणाचे कॅन मी ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला ठेवायचो. गिऱ्हाईक खूश राहायचं.

मागच्या खरिपात माझ्याच सोयाबीनमध्ये बाया निंदत होत्या. पाण्याचा कॅन मीच नेला. घाईत राख सापडली नाही, म्हणून नुसता दोनदा खळबळून घेतला होता. आमच्या गल्लीतली एक बाई, मला भाऊ म्हणणारी, सगळ्यांच्या आधी प्यायली आणि थोड्या वेळानं बांधावर ओकायला लागली. तोंडातून लाळ, हात थरथरत होते. उरलेलं पाणी मी सांडून दिलं आणि तिला चिखलीला दवाखान्यात नेलं. काय प्यायली, असं डॉक्टरांनी मलाच विचारलं. मी म्हणालो, ऊन लागलं असेल. ते माझ्याकडे बघत राहिले आणि स्वतःच्या अंदाजानं विषावरचा इलाज सुरू केला. ती वाचली. माझ्यामुळे नाही.

यंदा निंदणाच्या तोंडावर ती दुकानात आली.

"भाऊ, तुमच्या वावरात होता तसा एक कॅन द्या. आता पोरगीबी माह्यासंग येते."

बाजूला ठेवलेला कॅन माझ्या हाताशीच होता. दुकानात चारचौघं उभे होते. त्यांच्यासमोरच मी तिला सगळं सांगितलं.

तिनं माझ्या हाताजवळचा कॅन लांब सरकवला. मग म्हणाली, "डॉक्टरले काऊन नाही सांगतलं?"

"भेलो."

"मी मेली असती, त सांगतलं असतं का?"

एवढं विचारून ती निघून गेली. मी हातोडा आणि मोठा खिळा घेतला आणि दुकानातल्या एकेका रिकाम्या कॅनच्या बुडाला भोक पाडलं. एक गिऱ्हाईक हळहळलं, "येड लागलं का शेठ, झाकण कसं सोन्यासारखं हाये!"

तेव्हापासून माझा नेम ठरला. जुना कॅन परत आणून मला फोडू दिल्याशिवाय औषधाचा नवा कॅन मिळत नाही. काहीजण दुसऱ्या दुकानात गेले. बाजारातले दुकानदार म्हणतात, तू आमचाही धंदा बसवशील. बसू दे. रास उचलून न्या म्हणून मी कंपनीच्या माणसाच्या मागे लागलोय. तोवर ती दारातच राहील, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडखळू दे.

परवा ती पुन्हा आली. गल्लीतल्या घराघरांतून गोळा केलेले कॅन तिनं सुतळीत ओवून आणले होते. मला भाऊ म्हणाली नाही. मी हातोडा उचलला, तसा तिनं हात पुढे केला.

"इकडं द्या. तुमच्या हातावर माहा भरोसा नाही."

मी हातोडा दिला. तिनं पायरीवर बसून सगळे कॅन फोडले, आणि मी एकेक धरून राहिलो.