बडवाहची पांढरी जमीन आणि दादाचे पेव्हर ब्लॉक

इंदूरचे लोक सुट्टीत महेश्वरला जातात, ओंकारेश्वरला जातात. आम्ही गेलो कारखान्याचा कचरा बघायला.

झालं असं, माझा दादा बँकेतून रिटायर झाला आणि त्याने घाटाखाली, नर्मदेकडच्या बडवाहजवळ जमीन घेतली. पांढरीशुभ्र होती, दादाला वाटलं, वा, काय स्वच्छ! निघाली चोपण, क्षारांनी भरलेली. गवतसुद्धा उगवेना. माती तपासणाऱ्या साहेबांनी सांगितलं, खत बनवताना कारखान्यात जे जिप्सम उरतं ते टाका. पावसाआधी ट्रकभर आलं, पसरलं. तेव्हापासून दादा शेतावरच्या खोलीत आणि वहिनी इंदुरात छत्रीबागेतल्या घरी एकटी.

दसरा झाला आणि वहिनी म्हणाली, "भाऊजी, गाडी काढा. या वेळी ह्यांना घेऊनच येते. नाही आले, तर घराला कुलूप आणि मी पुण्याला लेकीकडे." ती थट्टा करत नव्हती.

जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावं. शहर सोडण्याआधी सुदामा नगरात पोहे-जलेबी हाणा, पोह्यांवर जिरावण मसाला वरून मागून घ्या. वाटेत भेरूघाटात ट्रक अडकला की पुढचा घास कधी, देव जाणे. आमच्यापुढे अडकलाच. शेजारच्या गाडीतून एकाने केळीचं साल रस्त्यावर टाकलं. वहिनीने काच खाली केली. "भिया, इंदौर के हो? तो उठाओ." त्याने मुकाट उचललं. स्वच्छतेत देशात पहिला नंबर आमच्या इंदूरचा, घाटातसुद्धा आमची सफाई चालूच.

दादा गेटवर उभा. "बघ, कसं टकाटक ठेवलंय!" खरंच होतं. शेताभोवती पेव्हर ब्लॉकची पट्टी, ओल्या-सुक्याचे दोन डस्टबिन. मध्ये वावरात मात्र गढूळ पाणी साचलेलं आणि काठाला तोच मेला पांढरा थर.

"माल नकली निघाला," दादा पुटपुटला. "कारखान्याने कचरा विकला रे."

"कचराच तर मागवला होतास!" मी म्हणालो. त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

वहिनीने पदर खोचून शेताला चक्कर मारली. "अहो, त्या साहेबांनी नक्की काय सांगितलं होतं?"

"जिप्सम मातीतला क्षार सोडवतं. मग तो पाण्याबरोबर बाहेर जातो."

"कुठून?"

"नालीतून."

"आणि नाली कुठाय?"

दादाने अभिमानाने पेव्हर ब्लॉक दाखवले. "बुजवली. उघडी नाली ठेवू? गाव काय म्हणेल, इंदूरचा माणूस आणि..."

"अहो, पावसाळाभर मोरी बुजवून आंघोळ करत बसलात!" वहिनी कडाडली.

तिघांनी मिळून ब्लॉक उपसले, नाली मोकळी केली. संध्याकाळी काळसर, खारट पाणी वाहायला लागलं. इतकं घाण पाणी बघून इतका खूश झालेला इंदूरी माणूस मी आजवर पाहिला नव्हता. गहू येईल का, ते आत्ताच कुणी सांगू शकत नाही. जमीन एका पावसात सुधारत नाही म्हणे.

सकाळी बडवाहचा चिवडा बांधून घेतला, गाडी सुरू केली. वहिनी आली, ती बॅगेशिवाय. माझ्या हातात छत्रीबागेच्या घराची चावी ठेवली. "तुळशीला पाणी घालत जा. मी इथे नसले तर हे पुन्हा झाकतील."

"मी काय लहान आहे?" दादा गुरगुरला. पण वहिनीची दारातली बॅग त्यानेच उचलून आत नेली.

एकाला आणायला गेलो आणि दुसरीलाही सोडून आलो. पेव्हर ब्लॉक वहिनीच्या हुकमाने मावतील तेवढे डिक्कीतून आणले, ते आता माझ्या अंगणात पडलेत. कचरागाडीवाला रोज विचारतो, "भिया, ये भी ले जाऊँ?" संध्याकाळी वहिनीचा फोन येतो. तब्येत, हवापाणी काही नाही. "भाऊजी, आज काय घाण पाणी आलंय म्हणून सांगू!" आणि मागे दादा हसत असतो.