सतरा एकांचा आकडा

आमच्या यांना वजनकाट्यावरचे लोक भागाकारराव म्हणायचे. ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, चिठ्ठी फाडायची आणि पुढचा ट्रक येईपर्यंत भागाकार करत बसायचं, अशी उभी नोकरी काढली त्यांनी. भागायचा आकडा एकच. एकापुढे एक असे सतरा एक. शाळेतले मास्तर म्हणाले होते, हा आकडा नक्की तुटतो, म्हणजे त्याला कशाने तरी पूर्ण भाग जातो, पण कशाने ते तू शोध. मास्तर बोलून मोकळे झाले, भोगतेय मी.

संगणकाला विचारा म्हटलं की राग. "मग मी कशाला हवा?" म्हणायचे. वाटेल त्या आकड्याने भागायचं नसतं म्हणे. चौतीसच्या पाढ्यात एक मिळवत जायचं आणि तेवढेच आकडे तपासायचे. बाकी शून्य आली की सापडला. निवृत्त झाल्यावरही दिवसाला पाच-सहा भागाकार चालूच. रोज जेवताना कुठवर पोचलो ते हे सांगणार आणि मी "बरं" म्हणून भाजी वाढणार.

गेल्या महिन्यापासून मात्र यांचं काहीतरी चुकायला लागलंय. गॅस चालू ठेवून हे फिरायला निघून गेले. शेजारणीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, विसरणं वाढत जाणार, किती वेगाने ते सांगता येत नाही. तेव्हापासून मला एकच घोर लागलाय. डोकं शाबूत आहे तोवर यांना तो आकडा सापडायला हवा. दुसरं काही मागितलंच नाही या माणसाने आयुष्यात.

म्हणून धाकट्या लेकीला म्हटलं, "तुझ्या फोनमध्ये बघ गं, अजून किती लांब आहे ते. बाबांना कळू देऊ नकोस."

तिने स्वयंपाकघरातच बघितलं. "वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. बाबा कुठवर आलेत?"

हे तर तेवीस लाखांच्या पुढे गेले होते. यांचे वीस लाख झाले तेव्हा धाकटीचे दिवस भरत आले होते. आता तिची पोर घरभर धावते. म्हणजे एवढ्या वर्षांचा तो आकडा यांच्या हाताखालून गेला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

दोन दिवस मी मनात घोळवत राहिले. सांगावं तर यांचा जीव तुटेल, न सांगावं तर हे आपले पुढेच जात राहतील. शेवटी चहा देताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अहो, वीस लाख सत्तर हजारांपासून परत एकदा नजर टाका ना. तेव्हा घरात बाळाची धांदल होती." एरवी माझं एक ऐकत नाहीत, पण तेव्हा चक्क मानलं.

मग मी काहीतरी निमित्त काढून टेबलाशी घुटमळायची. एका दुपारी तोच आकडा कागदावर उतरला. मी हातातलं फडकं धरून तशीच उभी राहिले. हे पुटपुटत एकेक आकडा खाली उतरवत होते. मधेच थांबले, हातचा विसरले, परत मागे गेले.

"काय आलं?" मी विचारलं.

"बाकी उरली," म्हणाले, आणि पुढचा आकडा लिहायला घेतला.

मला राहवेना. खुर्ची ओढून शेजारी बसले. "मलाही शिकवा. हाच घ्या परत."

"हाच का?"

मला खोटं बोलता येत नाही, सगळं तोंडावर दिसतं. हे बघत राहिले. मग पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे हाच होता. माझं विसरणं तेव्हापासूनच आहे," म्हणाले.

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, पेन्सिल हातात दिली. "मी सांगतो, तू लिही. मी चुकलो की लगेच थांबव."

मला साधा दोन आकडी भागाकारही धड येत नव्हता.