बर्फावरचं मीठ

घसरण्याचा वारसा लेकीला माझ्याकडून मिळाला. पेणच्या खाडीकाठी आमचं मिठागर आहे. खारं पाणी सोडण्याआधी वाफ्यांची माती पायांनी तुडवून तुडवून आरशासारखी करतात. त्या ओल्या मातीवर मी चालायचो आणि पडायचो. लेक मात्र लहानपणी हात पसरून, डोळे मिटून, या बांधापासून त्या बांधापर्यंत तरंगत जायची. पुढे नवी मुंबईत चाकांचे स्केट आले, मग सुट्ट्यांमध्ये उत्तरेकडचं खरं बर्फ, आणि गेल्या साली फिगर स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत चौथा नंबर. बायकोनं तेव्हाच बजावलं होतं, "पुढल्या टायमाला पहिल्या तिनांत आली तर ठीक. न्हायतर स्केट माळ्यावर, आणि बारावीचा अभ्यास."

यंदा सोबतीला मी गेलो. इथेच खरं तर गोष्ट बिघडली म्हणायची.

स्पर्धेच्या बर्फाच्या बंदिस्त मैदानात शिरलो आणि थबकलो. थंडीनं नव्हे. समोर जे पसरलं होतं ते मी जन्मभर बघत आलोय. पहाटे वाफ्यात मिठाची पहिली साय धरते ना, तसंच पांढरं, तसंच स्तब्ध, खालून उजेड यावा तसं. एक यंत्र हळूहळू फिरत बर्फ गुळगुळीत करत होतं. माझा बाप लाकडी फळी घेऊन वाफ्यात असाच फिरायचा. वाटलं, घरीच आहोत, फक्त कुणीतरी खाडी थांबवून ठेवलीय.

त्या गुंगीतच मी दिवसभर होतो. पहिल्या फेरीत लेक तिसरी आली, तरी गुंगी उतरेना. दुसऱ्या, शेवटच्या फेरीआधी बायकोचा फोन आला.

"दृष्ट काढली काय?"

"काढतो."

"काढतो म्हंजे? सगळा गाव मोबाईलवर बघतोय तिला. पुडी दिलीय ना बरोबर? काढा आधी!"

पुडीत आमच्याच आगरातलं जाडं मीठ होतं. लेकीला कठड्यापाशी उभं केलं.

"बाबा, लोक बघतायत."

"म्हणूनच तर!"

मूठ उतरवली. दृष्टीचं मीठ चुलीत टाकायचं, नाहीतर पाण्यात. चूल कुठे नव्हती. पाणी मात्र समोर होतं, जरा गोठलेलं, एवढंच. मी कठड्यापलीकडे मूठ मोकळी केली.

मीठ बर्फाचं काय करतं, हे मिठागरवाल्याला ठाऊक नसावं? होतं की! दर उन्हाळ्यात पॉटच्या आइस्क्रीमला गावभर मीच मीठ पुरवतो.

बघता बघता त्या कोपऱ्यात बर्फाला देवीचे वण उठले. शिट्टी वाजली, स्पर्धा थांबली. दोघं जण बादली घेऊन धावले, खरवडलं, पाणी ओतलं आणि ते गोठायची वाट बघत उभे राहिले. मी हात वर करून गुन्हा कबूल केला. पंचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ऐन हंगामात वाफ्यांवर पाऊस पाडणाऱ्या ढगाकडे पाहतो.

लेकीनं कठड्यावरचा एक खडा उचलून जिभेवर ठेवला. "आपलंच आहे," म्हणाली आणि खुदकन हसली.

मग ती सरकली. संगीत फार लांबून आल्यासारखं वाटत होतं. पांढऱ्यावर तिची बारीक रेघ उमटत होती, बगळा वाफ्यावरून उडताना सावली सोडतो तशी. तिची मोठी उडी नेमकी त्या कोपऱ्यातली होती. कोपरा अजून मऊ होता, म्हणून तिनं ती ऐनवेळी मधे आणली, आणि दोन गिरक्यांची उडी एका गिरकीवर उरकली. बाकी सगळं स्वप्नासारखं.

चौथी.

बायकोला फोन मीच केला. मिठासकट सगळं सांगितलं.

"मंग यंदाचा चौथा नंबर तिचा न्हाय," ती म्हणाली. "तुमचा हाय. तिचा अजून लागायचाय. पुढल्या साली मी जाते तिच्यासंगं, तुम्ही आगर बघा."

लेकीनं शेजारी उभं राहून ऐकलं आणि स्केटच्या पात्यांवरचं पाणी हळूच पुसायला घेतलं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात बायकोचा आवाज आला, "अहो, पुडीत मीठ उरलंय ना? तिकडं जवळपास कुठं चूल असंल काय?"