सुंठेचं मशीन आणि सुमनमावशी

आज सकाळी सुमनमावशी गेल्या. पिशोरमधली सगळ्यात संशयी बाई गेली.

मी संभाजीनगरहून तिथं माहिती केंद्र चालवायला जाते. योजना, कर्ज, ट्रेनिंग, बाजारभाव. फळ्यावर लिहायचं आणि बायकांना समजावून सांगायचं.

मावशी बचत गटाच्या अध्यक्ष. पहिल्याच दिवशी फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, हे आम्हाला सांगून तुम्हाला काय मिळतं?"

"पगार."

"मंग ठीक. फुकट सांगणाऱ्याचं भ्या वाटतं."

माहिती कितीही चांगली असो, ती वापरलेलं माणूस आधी डोळ्यांनी बघायचं, हा त्यांचा नियम. त्यासाठी एसटी, जीप, काहीही चालायचं.

मग एकदा तो एजंट आला. इस्त्रीचा शर्ट, मोबाईलमध्ये व्हिडिओ. अद्रकाची सुंठ करायचं मशीन, वर सबसिडी.

गटाची सगळी बचत त्यात जाणार होती. बायका अंगठा द्यायला तयार. मी वेबसाइटवर तपासलं. योजना खरी होती.

"घेतलंय कुणी?" मावशींनी विचारलं.

त्यानं अजिंठ्याकडच्या एका गटाचं नाव सांगितलं.

"गटच नसंल तिथं," मावशी माझ्या कानात. "लावा पैज."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो.

गट होता. मशीनही होतं. पोत्यानं झाकलेलं, वर कोंबडी बसलेली.

मावशींचं तोंड बघण्यासारखं झालं.

तिथली बाई म्हणाली, "मशीन लई भारी हाय. पण त्याला थ्री-फेज लाईट लागती. आमच्या गल्लीत ती नायच."

"मंग सांगितलं नाय व्हय कुणाला?"

"विचारलं कुणी? अन् आपलं फसलेलं सांगायची लाज बी वाटती ना, मावशी."

परतताना सिल्लोड मागं पडल्यावर मावशी म्हणाल्या, "खोटं नाय बोलला तो. अर्धं बोलला. मी उगंच खोटं हुडकत बसले."

पिशोरलाही गटाच्या गल्लीत थ्री-फेज नव्हती. बचत वाचली.

आज माती झाल्यावर गटातल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. एकीनं डोळे पुसत मोबाईल पुढं केला. सोलर ड्रायरची योजना.

"मॅडम, तुम्ही म्हणाल तर आजच भरून टाकू."

"मॅडम सांगतील म्हणल्यावर बघायचं काय त्यात?" दुसरी म्हणाली.

सगळ्यांनी माना हलवल्या.



माझ्या शब्दाला अडवणारी इथं एकच बाई होती. तिला आम्ही आत्ताच अग्नी देऊन आलो होतो.

मी म्हटलं, "नाही. आधी जाऊन बघू. आणि माझं चुकत असेल, असं धरूनच चला."

मी असं का म्हणतेय, हेच त्यांना कळेना.

मावशी, शेवटचा नमस्कार.

तुमच्याइतकं रोखून माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. फार आधार वाटायचा.