पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडीची खांदेमळणी

साधारण २००७ सालची गोष्ट. राजुरीत भाद्रपदी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या गोठ्यात गाडीखाली उताणा पडून नट आवळत होतो... आणि चक्क शीळ घालत होतो!

कारणच तसं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे चेन्नईला निघायचं आणि तिथल्या रेसिंग ट्रॅकवर दोन दिवस, आयुष्यात पहिल्यांदा, आपली गाडी पळवायची. वर्षभर या तारखेची वाट पाहिली होती.

गाडी म्हणजे लाल रंगाची छोटी हॅचबॅक. दिसायला साधीच, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. सेकंडहँड घेतली, मग सस्पेन्शन, एक्झॉस्ट, त्या आठवड्यात नवे रुंद टायर... पगार झाला की बाईसाहेबांना काहीतरी हवंच असायचं.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही सगळी थेरं वाटायची. आण्णा पक्के बैलगाडावाले. शर्यतीच्या घाटात त्यांची बैलजोडी सुटली की बघणारे जागेवरून उठायचे. पण गुडघे गेले, ट्रॅक्टर आला, आणि त्या उन्हाळ्यात शेवटची जोडी विकली.

तेव्हापासून ते गोठ्याकडे फिरकले नव्हते. मोकळी दावण बघवायची नाही त्यांना. मी तिथे गाडी लावायला लागलो, त्यावरही हूं की चूं नाही.

त्या दुपारी मात्र दारात येऊन उभे राहिले. "हिचा जोर कंच्या चाकाला असतो रं?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू... गाडीबद्दल त्यांचा पहिला प्रश्न! मी भरभरून सांगितलं की ही पुढच्या चाकांनी ओढते, सगळी ओढ पुढेच. त्यांनी मान डोलावली आणि मी जेवायला गेलो.

जेवून म्हटलं, एक शेवटचा राउंड मारून येऊ. वस्तीच्या रस्त्याने निघालो, वळणाशी ब्रेक दाबला... आणि गाडी थांबेचना! पेडल टणक, पाय जोरात, पण गाडी आपली पुढेच.

हँडब्रेक ओढला तेव्हा बांध उतरून शेजारच्या मक्यात जाऊन थांबलो. मी धड, गाडी धड, मक्याची चार ताटं तेवढी आडवी झाली. खाली उतरलो तर वास कसला... तर कढवलेल्या तुपाचा.

वाकून पाहिलं. पुढच्या दोन्ही चाकांच्या आतली ब्रेकची डिस्क पिवळीधमक, तुपाने चोपडलेली.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तेवढाच आराम. त्यालाच खांदेमळणी म्हणतात.

हँडब्रेकच्या भरवशावर गाडी रांगत रांगत घरी आणली. आण्णा ओट्यावर बसलेले, बोटं अजून पिवळी.

"आण्णा, ब्रेकला तूप लावलं का तुमी?"

"ब्रेकबिक मला ठाव न्हाई. ओढ पुढच्या चाकाला हाय म्हनलास ना? मंग खांदा बी तिथंच. पार आतपर्यंत हात घालून चोळलंय."

आई आतून म्हणाली, "आता पुरनपोळी बी चारा तिला."

आण्णा हसले नाहीत. "दावणीला जे हाय त्याची खांदेमळणी करायची. पोळ्याला हात कोरडं ठिवून बसू का मी?"

मी हसू दाबत गाडी गोठ्यात घेतली. जॅक लावला.

चाकं काढली, डिस्क धुतल्या. ब्रेकपॅड तूप पिऊन बाद झाले होते, पण ट्रॅकसाठी घेतलेले नवे होते, ते घालायला घेतले. आणि तेव्हा नजर गेली ती ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर.

स्टिअरिंग पूर्ण वळलं की नवा रुंद टायर त्या नळीला घासत होता. आठवड्याभरात रबर झिजून आतले धागे दिसायला लागले होते. ट्रॅकवर सरळ पट्टा संपताना, दीडशेच्या स्पीडला ती फुटली असती, तर ब्रेकच गेले असते.

आण्णांना दाखवलं. नळीवरून बोट फिरवून ते म्हणाले, "उद्या न्हाई जायाचं. पोळ्याला जनावर जुपत नसत्यात."

नळी मिळवून, जुने टायर परत चढवून एक दिवस उशिरा निघालो. पहिल्या दिवसाचा ट्रॅक हुकला, दुसऱ्या दिवसाचा मिळाला. सरळ पट्टा संपताना सगळा जोर लावून ब्रेक मारला, गाडी जमिनीला धरून वळली, आणि हेल्मेटच्या आत मी एकटाच वेड्यासारखा ओरडत होतो!

गाडी अजून आहे. इंजिन एकदा पूर्ण उघडून झालं, क्लच तर किती बदलले आठवत नाही. लोक किलोमीटर बघून सर्व्हिसिंग करतात, आमचं पोळ्याच्या आदल्या दिवशी... चारही चाकं काढून. आण्णा शेजारी बसतात आणि हळद-तूप आता बॉनेटला लागतं.

मध्यंतरी पुण्याहून एक जण गाडी मागायला आला. किंमत चांगली देत होता, माझी पोरं मोठी होऊन गाडी लहान पडत होती, मीही डळमळलो होतो. मी तोंड उघडायच्या आत आण्णाच बोलले.

"एकदा दावण मोकळी करून बघितलीय, पावणं. परत न्हाई."

पाहुणा चहा घेऊन गेला. मी आण्णांना मनातल्या मनात थँक्यू म्हटलं, त्या तुपाबद्दल आणि या नकाराबद्दलही... तोंडावर म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय.