परपोषींचा नंबर शेवटी

सातवीच्या विज्ञानात सजीवांच्या पोषणाचा एक धडा होता. तो मला अजून पाठ आहे, कारण मी तो ओरडून पाठ केला होता. बुवापाड्यातल्या आमच्या एका खोलीच्या घरात मनातल्या मनात वाचायची सोयच नव्हती. शेजारचा रेडिओ, आमचा स्टोव्ह आणि मोरीत आपटले जाणारे कपडे, या सगळ्यांच्या वर आवाज चढला तरच अभ्यास झाला असं मला वाटायचं. "हरित वनस्पती स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात, म्हणून त्या स्वयंपोषी. प्राणी अन्नासाठी इतरांवर अवलंबून असतात, म्हणून ते परपोषी." हे मी एका दमात अख्ख्या चाळीला ऐकवायची.

वडील खाटेवर बसून ऐकायचे. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात ते फिटर होते, त्याला टाळं लागून बरेच महिने झाले होते. आई उल्हासनगरला एका सिंधी सेठकडे पँट शिवायला जायची आणि तिच्या पगारावर आमचं घर चालायचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि आमच्या गल्लीत अशी घरं बरीच होती.

"ते पर काय म्हणालीस?" एकदा वडिलांनी विचारलं.

मी मास्तरांच्या थाटात अर्थ सांगितला.

"म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर खाणारा. बरोबर आहे. मग अपुन परपोषी आणि तुझी आई स्वयंपोषी." ते खळखळून हसले, आणि मीही हसले.

पण ती थट्टा घरात मुक्कामालाच आली. जेवायला बोलावलं की म्हणायचे, "तुम्ही बसा. परपोषींचा नंबर शेवटी." आम्हा दोघींची ताटं उचलली जाईपर्यंत बाहेर उभे राहायचे आणि मग उरलेल्या अर्ध्या भाकरीवर भागवायचे. शर्ट अंगावर लोंबायला लागला. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवं भोक पाडलं. आईच्या जिवाला घोर लागला. ती चिडली, रडली, शपथा घातल्या, पण माणूस भांडायला उभा राहिला तर त्याच्याशी भांडता येतं. हसत हसत उपाशी राहणाऱ्याचं काय करायचं?

तसे ते बसून नव्हते. नळावरचं पाणी, तांदूळ निवडणं, भांडी, सगळं करायचे. बदलापूर गावातल्या त्यांच्या एका दोस्ताने अळूचे कंद दिले होते, ते त्यांनी मोरीमागे लावले होते. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, सुकटीची डोकी, जे टाकायचं ते सगळं तिथे जायचं. अळू असं माजलं होतं की चाळीतल्या बायका न विचारता पानं न्यायच्या आणि वर "यंदा खाजरं नाही हां" असा शेरा देऊन जायच्या.

एका रविवारी आई भाकऱ्या थापत होती. अळूचं फतफतं रटरटत होतं. वडील नेहमीप्रमाणे दाराबाहेर उभे होते. अचानक आई म्हणाली, "तो तुझा धडा आण. पहिल्यापासून वाच. बघू, मी कुठं आहे त्यात."

मी वाचलं. आईने परातीतला हात थांबवला. "म्हणजे मी कोण?"

"तू पण परपोषी."

"मी? मी तर कमावते!"

"पुस्तकात कमाई नाही गं आई. ज्याला उन्हातून अन्न करता येतं तोच स्वयंपोषी."

"आणि ते कोणाला येतं?"

"झाडांना. आपल्या अळूला."

"मग सेठ?"

"सेठ पण परपोषी."

आईला हे फारच आवडलं. सेठचं नाव तिने पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग विचारलं, "अळूला काहीच लागत नाही?"

"मातीतली खनिजं लागतात. टाकलेलं कुजतं, त्यातून ती मातीला मिळतात."

आई पिठाच्या हातानेच उठली आणि दारात गेली. "अहो, ऐकलंत? मी परपोषी, ही परपोषी, आमचा सेठ परपोषी. या घरात स्वयंपोषी एकच, ते मोरीमागचं अळू. आणि त्यालासुद्धा तुम्ही खायला घालता तेव्हा ते उभं राहतं. आता शेवटचा नंबर कोणाचा ते सांगा मला. नाहीतर आजपासून मीही बाहेर उभी राहते."

 वडिलांनी पाय धुतले आणि येऊन माझ्या शेजारी मांडी घातली.

मी पुढे बरीच पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या, पण चौथीत शाळा सुटलेल्या बाईने त्या दिवशी माझ्याकडून धडा वाचून घेऊन माझ्या बापाला जेवायला बसवलं, याचं देणं माझ्याच्याने फिटणार नाही. तो धडा ज्याने कोणी लिहिला असेल, त्याचेही उपकार.

वडिलांनी खाली मान घालून पहिली भाकरी संपवली. बोटं चाटली. मग हळूच म्हणाले, "अजून आहे का?"

तव्यासमोर बसलेल्या आईने मागे वळून पाहिलं नाही. पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "भात की भाकरी?"

"दोन्ही," ते म्हणाले.