डाग नसलेली भिंत

शालिकरामजी खुरप्याने स्वतःच्याच नव्या घराची भिंत खरवडत होते आणि मी चिखलात उभा राहून, त्यांना थांबवावं की दुसरं खुरपं मागावं, याचा विचार करत होतो. वैनगंगेचा पूर आदल्या दिवशी ओसरला होता. गाद्या गच्चीवर वाळत होत्या, फ्रिज अंगणात आडवा पडला होता. आणि हे घर त्यांना मी शोधून दिलं होतं. म्हणजे माझ्या ॲपने. काम चांगलं निघालं की 'मी' म्हणायचं आणि बिघडलं की 'ॲप', हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यातच शिकतात.

माझा धंदा यूएक्स डिझाइनचा. म्हणजे ॲप वापरणाऱ्याला डोकं खाजवावं लागू नये, अशी व्यवस्था करायची. बटण कुठे हवं, आधी काय दिसावं, काय लपवावं. पुण्यात काही वर्षं हे करून भंडाऱ्याला परतलो, तर मंगेशभाऊ भेटले. प्लॉटची दलाली करता करता त्यांना घर शोधायचं ॲप काढायची लहर आली होती. गिऱ्हाइकाने उन्हात फिरू नये, खाटेवर बसून बोटाने घर निवडावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते फार मोठं वाटलं.

ॲप अर्धवट झालं की आम्ही यूजर टेस्टिंग करतो. खऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात फोन द्यायचा आणि ते कुठे अडतं ते मुकाट्याने बघायचं. माझे पहिले यूजर म्हणजे शालिकरामजी आणि त्यांच्या बायको देवकाबाई. त्यांचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलेलं. इतकी वर्षं पुनर्वसनाच्या वस्तीत काढली. आता नात भंडाऱ्यात नर्सिंगला लागली, म्हणून तिच्याजवळ घर घ्यायचं होतं. अट एकच. देवकाबाईंनी फोन हातात घेतल्या घेतल्या ती सांगितली.

"पुराचं पानी कुठवरी येते, ते कुठी दिसते जी?"

दिसत नव्हतं. पार्किंग दिसत होतं. मॉड्युलर किचन दिसत होतं. 'नदीचा देखावा' असा हिरवा बिल्ला दिसत होता. त्यातल्या इवल्या लाटा मीच काढल्या होत्या. मी वहीत लिहिलं, 'पूर कुठवर येतो हे दाखवणं गरजेचं.' त्या अख्ख्या प्रोजेक्टात मी लिहिलेलं हे एकच शहाणपणाचं वाक्य.

मंगेशभाऊंनी ते वाचलं. "आपल्याच दुकानात बसून आपल्या मालाची खोट कोनी सांगते का बे?"

पूर दिसला की घेणारा पळेल, आणि विकणारा त्याच्याही आधी पळेल, असं त्यांचं गणित. मी भांडायला हवं होतं. मी म्हणालो, तशीही स्क्रीनवर गर्दी होते आहे. डिझायनरला शरण जायचं असलं की तो हे वाक्य म्हणतो.

इथवरही निभावलं असतं, कारण शालिकरामजींचा माझ्या स्क्रीनवर भरवसा नव्हताच. त्यांची जुनी पद्धत होती. नदीकाठच्या वस्त्यांत पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं तिथे भिंतीवर ऑइलपेंटची रेघ ओढतात. घर घेणारा आधी रेघ बघतो, मग छप्पर. कुठल्याही ॲपपेक्षा बरा फिल्टर. त्याची वाट मी लावली, आणि तीही मुद्दाम नाही, मेहनत घेऊन.

लोक फोटो फार भिकार टाकायचे. म्हणून मी 'फोटो स्कोअर' बसवला. भिंत कळकट दिसली की ॲप फोटो परत पाठवायचं आणि सांगायचं, 'भिंतीवर डाग दिसतो आहे. कृपया भिंत स्वच्छ करून पुन्हा फोटो काढा.' 'कृपया' हा शब्द मी दोन दिवस विचार करून घातला होता. स्कोअर चांगला, तर घर यादीत वर. यंत्राला रेघ आणि डाग यांतला फरक कळत नव्हता. विकणाऱ्यांना चांगलाच कळत होता. त्यांनी रंगाचे डबे आणले. महिन्याभरात वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलाच्या आजूबाजूची सगळी घरं देखणी झाली, आणि मंगेशभाऊंनी मला पेढे दिले.

शालिकरामजी यादीतलं सगळ्यात वरचं घर पाहायला गेले. प्रत्येक खोलीत भिंतीवरून हात फिरवला. रेघ नव्हती. रेघ नाही म्हणजे पाणी नाही. घर घेतलं. वास्तुपूजेला मी दोनदा वरण-भात घेऊन जेवलो.

तर आता ते खरवडत होते. मलई रंगाखाली पांढरा निघाला आणि पांढऱ्याखाली निळी रेघ. सरळ, कुणीतरी दोरी धरून ओढलेली. या वेळच्या चिखलाचा पट्टा खाली होता. निळी त्याच्या हातभर वर.

शालिकरामजींनी दोन्हींमधलं अंतर हाताने मोजलं. मग बायकोला म्हणाले, "अवो, औंदा तं कमीच आला."

मी जुन्या मालकाशी बोलतो, मंगेशभाऊंना धरतो, असं काहीबाही बडबडलो. त्यांनी दोघांनाही आधीच विचारलं होतं. पाहूनच घेतलं ना, असं उत्तर मिळालं होतं. मग देवकाबाईंनी शांतपणे विचारलं, तुमच्या मोबाईलवरच परत विकता येईल का. मला तेवढाच धीर आला. मी त्यांच्या फोनवर भिंतीचा फोटो काढला आणि टाकला. फोन वाजला. देवकाबाईंनी एकेक अक्षर लावत वाचलं, "भिंतीवर... डाग... दिसतो आहे..."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "रंग लावाव लागन म्हनते."

"राहू दे," शालिकरामजी म्हणाले. "आपल्यावानीच आनखी कोनी येईन."

फोटो गेला नाही, घर विकलं गेलं नाही. ते तिथेच राहतात. पलंग आता विटांवर चढवला आहे, आणि नातीची पुस्तकं माळ्यावर. मी ॲपमध्ये पुराची चौकट घालून घेतली. मंगेशभाऊंनी ती सगळ्यात खाली ठेवली आणि ऐच्छिक केली. आजवर एकाही विकणाऱ्याने ती भरलेली नाही. फोटो स्कोअर चालूच आहे. मीही त्याच नोकरीत आहे.

त्या दिवशी निघताना शालिकरामजींनी निळ्या रेघेखाली यंदाची रेघ ओढली. दोरीचं दुसरं टोक मला धरायला दिलं. तेवढं काम मी बिनचूक केलं.

तुम्ही घर शोधत असाल तर ॲप जरूर वापरा. भिंत फार सुंदर दिसली, तर पाहायला जाताना सोबत खुरपं न्या.